सिगारच्या डब्याची गिटार केली, पण आवाज 'ठक्क' येतोय. सुतार आणि गाणारे, दोघांनी मदत करा

खुंटीपिळ्या

मंडळी, आधीच सांगतो, मी सुतार नाही आणि गवईही नाही. दिवसभर एक्सेलमध्ये असतो. पण गेले तीन शनिवार गॅरेजमध्ये काढून मी एक गिटार बनवली आहे आणि ती वाजत नाहीये.

राहायला टँपाला, फ्लोरिडात. इथे इबोर सिटी म्हणून जुना भाग आहे. १८८५-८६ च्या सुमाराला तिथे सिगारचे कारखाने उभे राहिले; क्यूबन, स्पॅनिश, इटालियन लोक येऊन वसले. हजारो माणसं ओळीने बसून तंबाखूची पानं वळायची आणि एक वाचक उंच ओट्यावर बसून त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र नि कादंबऱ्या वाचून दाखवायचा. त्याचा पगार कामगारच वर्गणी काढून द्यायचे. १९३१ साली मालकांनी ते बंद पाडलं. आता तिथे पर्यटक आणि मोकाट कोंबड्या फिरतात, पण सिगारची दुकानं आहेत आणि रिकामे लाकडी डबे ती पाच डॉलरला विकतात. तसाच एक आणला. साधारण ९ इंच बाय ७ इंच, देवदाराच्या जातीचा वास, आत कागद चिकटवलेला, झाकणाला पितळी बिजागरी. घरात आल्या आल्या बायको म्हणाली, "आता हे व्यसन पण?"

काय केलं ते सांगतो, म्हणजे कुठे चुकलं ते तुम्हाला कळेल.

हत्यारं: हातकरवत, एक पटाशी, कानस, ड्रिल, गुण्या, पॉलिश पेपर. बास. दांडीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून पॉप्लरची पट्टी, दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड, तीन फूट लांब. दुकानात अर्धा तास उभा राहून एकेक पट्टी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून बघितली. दहातली एक सरळ निघते. डब्याच्या दोन्ही आखूड बाजूंना वरच्या कडेला पट्टीच्या मापाच्या खाचा पाडल्या आणि दांडी आरपार घातली. खालच्या टोकाला दोनेक सेंटिमीटर बाहेर काढली, तिथे तीन बारीक भोकं, त्यांतून तारा ओवल्या. तारेच्या टोकाचा पितळी मणी मागे अडकतो, वेगळं काही लावावं लागत नाही. वरच्या टोकाला डोकं सुमारे १० मिमीनं खाली तासलं, म्हणजे तारा नटावरून (खुंट्यांकडचा आडवा टेकू) वाकून जातात आणि उड्या मारत नाहीत. खुंट्या म्हणजे नेहमीच्या गिटारच्या, तीन. नटाच्या जागी पाव इंची बोल्ट, त्याच्या आट्यांत तारा आपोआप बसतात. घोडी, म्हणजे डब्यावरचा तारांचा टेकू, तीही तसाच बोल्ट, नुसता ठेवलेला, तारांच्या दाबाने उभा.

तारा साध्या गिटारच्या सेटमधल्या पाचवी, चौथी, तिसरी. पाचवी दोन अर्धस्वर उतरवून जी, चौथी डी, तिसरी जी. जी-डी-जी. ही जुळणी इथे सगळे करतात. नट ते घोडी ६३५ मिमी. पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) बसवले नाहीत, पेन्सिलीने रेषा मारल्यात आणि काचेची नळी बोटात घालून वाजवतो. रेषांचं गणित सोपं आहे: एकूण लांबीला १७.८१७ ने भागा, ती पहिली रेषा. उरलेल्या लांबीला पुन्हा तितक्यानेच भागा, ती दुसरी. असं करत जा. माझ्या मापात पहिली रेषा ३५.६ मिमीवर, पाचवी १५९.३ वर, सातवी २११.२ वर, बारावी बरोब्बर मध्यावर ३१७.५.

आता रड. तार छेडली की आवाज 'ठक्क' येऊन मरतो. नादच नाही. टेबलावर बोट आपटल्यासारखं. शिवाय नळी रेषेवर धरली तरी सूर खुपतो. मला वाटलं माझे कान खराब. पोरीने (वय ९, शाळेत व्हायोलिन) न विचारता सांगितलं, "बाबा, इट्स शार्प."

फोटो उद्या टाकतो, इथे चढत नाहीयेत.

काचपेपर

पहिल्यांदा अभिनंदन. पहिलं वाद्य 'ठक्क' वाजलंच पाहिजे, तसा नियम आहे.

झाकण चिकटवलंय की स्क्रूने लावलंय? चिकटवलं असेल तर आधी शोक व्यक्त करतो.

खुंटीपिळ्या

स्क्रू. चार बारीक. चिकटवायचा धीर झाला नाही.

सुगरण_नाशिक

काही कळत नाहीये पण वाचतेय. वाचनखूण साठवली. कोंबड्यांचे फोटो पण टाका.

शंकासुर

मूलभूत शंका. सिगारचाच डबा का? चपलांचं खोकं का नाही? आणि हे प्रकरण आलं कुठून? आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय.

जर्सीचे_आजोबा

शंकासुर, चांगला प्रश्न. आधी सिगारी मोठ्या खोक्यांतून, पिंपांतून जायच्या. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला छोट्या डब्यांची चाल पडली, आणि १८६० च्या दशकात यादवी युद्धाचा खर्च भागवायला सरकारने सिगारीवर कर बसवला. डब्यात भरा, डब्यावर तिकीट लावा. झालं, घरोघर रिकामे डबे. पातळ लाकूड, चारी कोपरे नीट जुळवलेले, फुकट. गरीब माणसाला वाद्याचं अर्धं काम तयारच मिळालं. एडविन फोर्ब्ज नावाचा चित्रकार युद्धात सैन्याबरोबर फिरायचा. १८७६ च्या त्याच्या एका चित्रात छावणीतला शिपाई सिगारच्या डब्याचं फिडल वाजवतोय. पुढे डॅनिअल बीअर्डने, जे अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सच्या संस्थापकांपैकी एक, पोरांना घरी करता येईल अशा सिगारडब्याच्या बँजोची कृतीच छापली.

रॉकबिली गायक कार्ल पर्किन्सची पहिली गिटार त्याच्या वडिलांनी सिगारचा डबा आणि झाडूचा दांडा जोडून केली होती. बाप शेतमजूर, कापूस वेचणारा. दुकानातली गिटार कुठून आणणार? दक्षिणेकडच्या काळ्या वस्त्यांमध्ये तर याहून सोपं वाद्य होतं: भिंतीला दोन खिळे, मध्ये झाडूची तार, दोन्ही टोकांना बाटली नाहीतर डबा अडकवून ताणलेली. त्यावर दुसरी बाटली घासायची. डिडली बो म्हणतात त्याला.

चपलांचं खोकं तारांच्या ताणाने मिटेल. तीन तारा म्हणजे जाडीप्रमाणे २० ते ४० किलो ओढ असते.

शंकासुर

भिंतीला एक तार! म्हणजे आपलं तुणतुणंच की. धन्यवाद आजोबा.

मिरजेची_तार

तुणतुण्याला खाली कातडं असतं हो, आणि तार त्या कातड्याच्या मधोमध ओवलेली असते. तार ओढली की कातडं हलतं. मुद्दा तोच आहे, आणि खुंटीपिळ्यादादांचा घोळही तिथेच असणार.

माझं माहेर मिरजेचं. आमच्या गल्लीत दारादारांत भोपळे वाळत पडलेले असायचे. (तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आईने फोनवर अशा थाटात सांगितलं की जणू तिनेच अर्ज भरला होता.) मी स्वतः वाद्यं करत नाही, पण लहानपणी तिथे बसून एक गोष्ट हजार वेळा बघितली. कारागीर तबली (भोपळ्यावरचं पातळ लाकडी झाकण) बसवायच्या आधी तिच्यावर बोटाच्या पेराने वाजवून ऐकतात. ती बोलली तरच पुढचं काम.

दादा, एक करा. तारा सैल सोडा, घोडी काढा, आणि झाकणावर मधोमध पेराने ठोका. मग कडेपाशी ठोका. मग दांडी जिथून आतून जाते त्या रेषेवर ठोका. तिन्हीकडे काय ऐकू येतं ते सांगा. 'ढब' की 'टक'?

खुंटीपिळ्या

ठोकलं. कडेला टक. अपेक्षितच. मधोमध पण टक!! फक्त मधल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, चारेक बोटांच्या रुंदीत, ढब येतं. ताई, हे काय आहे?

मिरजेची_तार

झाकण दांडीवर टेकलंय. तुमची घोडी उभी कुठे आहे? मधोमध, दांडीच्या बरोब्बर वर. तारांचा सगळा कंप घोडीतून झाकणात जायला हवा, तो जातोय थेट दांडीत. तंबोऱ्याच्या तबलीखाली कोणी लाकडाचा ओंडका भरला तर काय होईल, ते झालंय.

काचपेपर

+१. ताईंनी न बघता ओळखलं, मी फोटोची वाट बघत बसलो होतो. मान गये.

खुंटीपिळ्या, तुम्ही डब्याच्या खाचा पट्टीच्या जाडीएवढ्याच पाडल्या, म्हणजे पट्टीची वरची बाजू डब्याच्या कडेशी सपाट आली आणि झाकण तिच्यावर झोपलं. या गिटारीच्या कृतीत एक ओळ असते, ती पहिल्या खेपेला सगळे गाळतात: डब्याच्या आत जेवढी दांडी येते, तेवढीच वरून ३-४ मिमी तासायची. दोन्ही टोकांना, जिथे दांडी डब्याच्या भिंतीत बसते, तिथे हात लावायचा नाही. मध्ये झाकण मोकळं.

पद्धत: दांडी बाहेर काढा. डब्याच्या आतल्या भिंती कुठे येतात तिथे गुण्याने आडव्या रेषा मारा. दोन्ही बाजूंना ४ मिमीची खूण. मग करवतीने दर बोटभर अंतरावर त्या खुणेपर्यंत काप द्या, नुसते काप, एकही जास्त खोल नको. आता पटाशी आडवी धरून, सपाट बाजू खाली, कापांमधले तुकडे उडवत जा. चॉकलेटच्या वडीसारखे निघतात. पॉप्लर मऊ आहे, हातोडीची गरज पडू नये. शेवटी लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासा. अर्ध्या तासाचं काम. डावा हात पटाशीच्या पुढे ठेवायचा नाही, हे मी माझ्या अंगठ्याकडे बघून लिहितोय.

खुंटीपिळ्या

दांडी डब्याला चिकटवली नव्हती, दोन स्क्रू आहेत. माझ्या भित्रेपणाचा विजय असो. शनिवारी करतो.

पॉपकॉर्नवाला

हा धागा म्हणजे दवाखान्याबाहेरचा बाक झालाय. पेशंटची वाट बघतोय.

खुंटीपिळ्या

झालं!!

एकोणीस काप दिले (मोजले). झाकण परत लावलं, तारा चढवायच्या आधीच पेराने ठोकलं. ढब! सगळीकडे ढब! तारा लावून छेडलं तर नाद चांगला चार-पाच सेकंद टिकतोय. गिटारसारखा गोल नाही, थोडा नाकातला, थोडा डब्यातला, पण जिवंत. पोरगी खोलीतून धावत आली. ताई, काचपेपर, तुम्हा दोघांना इथे आलात तर क्यूबन सँडविच माझ्याकडून.

पण सूर अजून खुपतोय. फोनवर ट्यूनर लावून मोजलं. खुली तार अगदी बरोबर जुळवली. पाचव्या रेषेवर १६ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा. सातव्या रेषेवर १६. बाराव्या रेषेवर १५-१६. नळी बरोब्बर रेषेच्या डोक्यावर धरतोय, अलीकडे-पलीकडे नाही. घोडी पुढे-मागे सरकवून बघितली, एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

काचपेपर

थांबा थांबा. सगळीकडे सारखाच चढा? मग घोडीला हात लावू नका. घोडी चुकली असती तर चूक वर जाताना वाढत गेली असती: पहिल्या रेषेला नगण्य, बाराव्या रेषेला सगळ्यात जास्त. सगळे सूर एकाच मापाने चढे म्हणजे रेषा आपसांत बरोबर आहेत, खुली तारच एकटी चुकीची आहे. खुली तार जास्त लांब आहे. नट सरकलंय. बोल्ट कुठे ठेवला?

खुंटीपिळ्या

...

सांगायला लाज वाटतेय. बोल्टसाठी खाच पाडताना पटाशीने कड उडाली. मग मी खाच डोक्याच्या बाजूला ६ मिमी सरकवून नवी पाडली. रेषा त्याआधीच मारलेल्या होत्या.

काचपेपर

😀 ६ मिमी. बसलं. ६४१ भागिले ६३५, त्याचे सव्वासोळा सेंटच्या आसपास होतात. तुमचा ट्यूनर आणि तुमची मुलगी, दोघं बरोबर.

रेषा पेन्सिलीच्या आहेत ना? पुसा. बोल्टच्या माथ्यापासून, खाचेच्या कडेपासून नव्हे, ६३५ मोजा, घोडी तिथे आणा आणि रेषा नव्याने मारा. प्रत्येक रेषा नटापासून मोजायची. आधीच्या रेषेपासून पुढची मोजत गेलात तर प्रत्येक वेळची अर्धा मिमी चूक साचत जाते. सुतारकामातली निम्मी भांडणं यावरून होतात. घोडी झाली की तिच्याभोवती पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा, तार बदलताना ती पळते.

सुगरण_नाशिक

एक बावळट प्रश्न. नाशिकला सिगारचे डबे मिळणार नाहीत. मला भाच्यासाठी करायचीये, दहावी झाली, सुट्टीत डोकं खातोय. दिवाळीत सुकामेव्याचे डबे येतात ते चालतील का? घरात आठ पडलेत.

काचपेपर

ताई, ते बहुतेक एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचे असतात. जाड आणि ठस्स. ठोकून बघा, कळेल. त्याचं फक्त झाकण काढा आणि वर ३-४ मिमी प्लायवूड फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर वजन ठेवा. बाजू जाड असल्या तरी चालतात, झाकण पातळ हवं. बिस्किटांचा पत्र्याचा डबाही चालतो. आवाज बँजोसारखा खणखणीत येतो, पण पत्र्याच्या कडा आधी कानसीने मारून घ्या. दांडीला वखारीत सागाची पट्टी कापून मागा, सरळ रेघांची, बिनगाठीची. पॅकिंगचं पाइन घेऊ नका. दोन महिन्यांत धनुष्य होतं.

भाच्याला खुंटी पिळताना तोंड जवळ नेऊ देऊ नका. तार तुटली की चेहऱ्यावर येते. चष्मा घालायला लावा.

सुगरण_नाशिक

आठपैकी सात टक, एक ढब! तो लाकडी निघाला, कोणी दिलेला ते आठवत नाहीये, पण देव त्यांचं भलं करो. भाचा वखारीत गेलाय.

मिरजेची_तार

अवांतर: मला वाचताना एकदम लागलं ते जी-डी-जी. अहो हे सा-प-सा आहे! पांढरी पाचचा तंबोराच. खालचा सा, प, वरचा सा. म्हणजे नुसतं सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तरी बेसूर होणं अवघड. म्हणून पहिल्या वाद्याला ही जुळणी देत असणार.

दादा, सगळ्यात बारीक तारेवर भूप राग वाजवून बघा: मोकळी तार सा, दुसरी रेष रे, चौथी ग, सातवी प, नववी ध, बारावी वरचा सा. बाकी दोन तारा मधून मधून छेडत राहा. आणि पडदे बसवायच्या भानगडीत पडू नका, काचेची नळी आहे ना, तीच ठेवा. विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरवतात तोच हा प्रकार. मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, फुकटात मिळते.

जर्सीचे_आजोबा

आणि ब्लूजवाले जो 'ग' लावतात तो शुद्धही नसतो आणि कोमलही नसतो, दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. पडदा असला की तिथे जाताच येत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या रेषेच्या मधल्या जागेत नळी हलवून बघा, खुंटीपिळ्या. औषधाच्या बाटलीचीही नळी होते. गिटारवादक ड्युएन ऑलमन सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालून वाजवायचा.

खुंटीपिळ्या

भूप वाजला. म्हणजे भूपाची सावली वाजली. पोरीने ऐकून व्हायोलिन आणलं आणि आम्ही दोघांनी बराच वेळ नुसतं सा-रे-ग-प-ध केलं. शेवटी बायको दारात उभी राहिली, काही बोलली नाही, मग म्हणाली, "याला जवारी नाहीये." म्हणजे तंबोऱ्याचा तो झणझणता नाद. तिची आजी गायची. आता हे काढून ठेवलंय माझ्यासमोर. ताई, जवारी निघेल का या बोल्टवर? दोरा घालून बघितला तारेखाली, शिवणाचा, पांढरा. तार नुसती मुकी झाली.

मिरजेची_तार

बोल्टवर नाही निघायची. बोल्टचा माथा गोल आणि निमुळता, तार एका टिंबावर टेकते. जवारीला पसरट घोडी लागते, वरून अगदी किंचित उतरती घासलेली, म्हणजे तार हलताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकत राहते. दोरा त्या टेकण्याची जागा नेमकी करतो, इतकंच. उतार नसेल तर दोरा काय करणार?

दीड-दोन सेंटिमीटर रुंद कडक लाकडाचा तुकडा घ्या, उंची बोल्टएवढीच. शिसम मिळालं तर उत्तम. वरची बाजू आधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा, मग लंगोटाकडची (तारा खालच्या टोकाला अडकतात तिकडची) कड तशीच ठेवून खुंट्यांकडच्या बाजूला उतार देत जा. कारागीर चार हात मारतात, तार लावतात, ऐकतात, काढतात, परत चार हात. यात दिवस जातो. आणि जास्त घासलं तर मागे येता येत नाही, दोन-तीन तुकडे कापून ठेवा.

खुंटीपिळ्या

उतार किती? मिमीमध्ये सांगा.

मिरजेची_तार

अहो, मिमीमध्ये असतं तर मिरजेत एवढी दुकानं कशाला असती. कागदाच्या जाडीपासून सुरू करा.

खुंटीपिळ्या

शिसमाचा जुना चमचा सापडलाय स्वयंपाकघरात. विचारून घेतो आधी.

सुगरण_नाशिक

विचारू नका. नाही म्हणतील.